बंद झालेला जहाजांच्या लढाईचा गेम फरशीवर पुन्हा कसा खेळायचा

ऑनलाईन गेम बंद होतो तेव्हा नक्की काय जातं आणि काय उरतं हे आधी नीट बघू, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. आपल्या कॉम्प्युटरवर जो असतो तो नुसता क्लायंट, म्हणजे चित्रं, आवाज, नकाशे आणि बटणं. गोळा कुठे पडला, लागला का, किती नुकसान झालं, कुठल्या खलाशाची लेव्हल किती, हा सगळा हिशोब सर्व्हरवर चालतो. सर्व्हर गेला की जहाजं गेली, वर्षानुवर्षं वाढवलेले खलाशी गेले, फ्लीट, म्हणजे आपल्या खेळाडूंची टोळी, गेली. उरतात आपल्याकडच्या फाईली, जुने स्क्रीनशॉट, सोबत खेळलेली माणसं आणि डोळ्यात बसलेला अंतराचा अंदाज. हा अंदाज कुठल्याच सर्व्हरवर नव्हता म्हणून तो अजून आपला आहे, आणि त्याच्या जोरावर हा गेम चक्क फरशीवर पुन्हा खेळता येतो, तेच सांगायचंय.

मी बोलतोय नेव्हीफिल्डबद्दल. कोरियातल्या कंपनीचा, वरून बघायचा टू-डी गेम, दुसऱ्या महायुद्धातली जहाजं, सुरुवातीला अमेरिका, ब्रिटन, जर्मनी आणि जपान हे चार देश. आम्ही ज्या सर्व्हरवर खेळायचो तो कधीच बंद झाला. आजच्या गेमसमोर ते ग्राफिक्स काहीच नाहीत, पण एकदा हात बसला की दुसरं काही खेळावंसं वाटायचं नाही. तुमचा गेम वेगळा असेल तरी चालेल, खालचं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी जे आहे ते गोळा करा

जुनी हार्ड डिस्क, जुना लॅपटॉप, सीडी, पेन ड्राईव्ह, जुन्या ईमेलच्या अटॅचमेंट, सगळं चाळा. इन्स्टॉलर सापडला तर सोनं, नाहीतर इन्स्टॉल झालेला अख्खा फोल्डर जसाच्या तसा उचला, त्यातलं एकही फाईलनाव बदलू नका. स्क्रीनशॉटचा फोल्डर बऱ्याचदा गेमच्या फोल्डरमध्येच असतो आणि पीसी फॉरमॅट करताना नेमका तोच उडतो, म्हणून तिथे आधी बघा. दोन ठिकाणी कॉपी ठेवा, एक घरात एक क्लाऊडवर. मग जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये गेमच्या जुन्या साईटचा पत्ता टाका, जहाजांचे तक्ते, तोफांची रेंज, वजनं असं बरंच काही तिथे सापडू शकतं. फोटो सगळे येतीलच असं नाही पण तक्ते बहुतेक नुसता मजकूर असतो त्यामुळे ते टिकलेले असतात. लोकांनी टाकलेले जुने व्हिडिओ सापडले तर तेही बघून ठेवा.

कोणी म्हणेल प्रायव्हेट सर्व्हर, म्हणजे चाहत्यांनी स्वतः चालवलेला सर्व्हर आहे, ही फाईल चालव. उत्साहाच्या भरात लगेच चालवू नका. अनोळखी एक्झी फाईल व्हर्च्युअल मशीनमध्येच, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या वेगळ्या बंदिस्त कॉम्प्युटरमध्येच उघडा, आणि जुना पासवर्ड तर अजिबात टाकू नका, कारण तो आपण कुठे कुठे वापरलाय हे आपल्यालाच आठवत नसतं. कायद्याची बाजू देशागणिक वेगळी आहे. २०२४ मध्ये द क्रू हा गाड्यांच्या शर्यतीचा ऑनलाईन गेम बंद झाल्यावर स्टॉप किलिंग गेम्स नावाची मोहीम सुरू झाली, विकलेला गेम कंपनीने बंद करताना खेळता येईल अशा अवस्थेत सोडावा एवढीच मागणी, आणि २०२५ च्या जुलैमध्ये युरोपियन युनियनमधल्या त्यांच्या अर्जाने १० लाख सह्या ओलांडल्या. माझं मन पूर्ण त्यांच्या बाजूने आहे. पण कायदा बदलेपर्यंत हातावर हात धरून बसायचं कशाला.

मग आठवणी लिहा, पण नियमांसारख्या

"खूप मजा यायची" असं लिहून ठेवलं तर दहा वर्षांनी त्यातून काहीच हाती लागत नाही. मजा नेमकी कशातून यायची ते लिहा. मी नेव्हीफिल्डचं करून दाखवतो.

तिथे तोफ आपोआप नेम धरत नव्हती. तोफेचा उंचीचा कोन आपण स्वतः कमी-जास्त करायचो, कोनावर अंतर ठरायचं, आणि गोळे सुटल्यावर ते पडेपर्यंत थांबायचं. पहिली सॅल्व्हो, म्हणजे सगळ्या तोफांची एकदम झाडलेली फैर, पुढे पडायची, पाण्याचे फवारे दिसायचे, मग कोन थोडा खाली, दुसरी सॅल्व्हो मागे, आणि तिसरीला काही फवारे जहाजाच्या अलीकडे काही पलीकडे. याला स्ट्रॅडल म्हणतात, म्हणजे अंतर बरोबर सापडलं, आता फक्त मारत राहायचं. आणि हे सगळं होत असताना समोरचाही हलतोय, तोही तुमचे फवारे बघून वळतोय, म्हणजे जहाज आत्ता कुठे आहे तिथे नाही तर गोळा पडेल तेव्हा ते कुठे असेल तिथे मारायचं. तो वळणार की नाही, वळला तर कुठल्या बाजूला, हे तो माणूस कोण आहे यावर ठरायचं आणि नेहमीच्या लोकांच्या सवयी आम्हाला पाठ असायच्या!

खऱ्या जहाजांवरही हेच चालायचं हे नंतर वाचलं तेव्हा फार भारी वाटलं. जून १९४० मध्ये जर्मन शार्नहॉर्स्टने ब्रिटिश ग्लोरियसला आणि जुलैमध्ये ब्रिटिश वॉरस्पाइटने इटालियन जुलिओ चेझारेला सुमारे २४ किलोमीटरवरून गोळा लावला, चालत्या जहाजावरून चालत्या जहाजाला तोफेने लावलेल्या सगळ्यात लांबच्या गोळ्यांमध्ये हे दोन धरतात. एवढ्या अंतरावर गोळा अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ हवेत असतो. एकाच जहाजावर दोघेतिघे मारत असले की कुणाचा फवारा कुठला हे कळावं म्हणून काही नौदलं गोळ्यांत रंग भरायची.

दुसरी गोष्ट खलाशी. जहाज चालवायला ब्रिज ऑपरेटर, ज्याला सगळे बीओ म्हणायचे, त्याची लेव्हल वाढली की मोठं जहाज मिळायचं. मग तोफची, इंजिनीयर, दुरुस्तीवाले, टेहळणी करणारे स्काऊट, पायलट. कुणाला घ्यायचं कुणाला वगळायचं यावर तासन् तास चर्चा. जहाजाचं वजनही ठरलेलं, जाड चिलखत लावलं की वेग गेला, मोठी तोफ लावली की गोळे कमी, त्यामुळे एकच जहाज दोघांकडे असलं तरी ते वेगळं असायचं. आणि इंजिन ओव्हरहीट! थोडा वेळ जास्त वेग, मग संपलं, नेमकं पाण्यातून सरळ येणारा टॉर्पेडो अंगावर असताना संपलं की झालं.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे न दिसणं. आपल्याला दिसतं ते आपल्या जहाजाच्या नजरेपुरतं आणि आपल्या बाजूच्या इतरांना जे दिसतंय ते. बॅटलशिप या सगळ्यात मोठ्या तोफांच्या जहाजाची तोफ लांब मारायची पण तिला लांबचं दिसायचं नाही, ते दाखवायला कुणीतरी स्काऊट विमान पाठवायचं किंवा डिस्ट्रॉयर या छोट्या, चपळ जहाजावरचा एखादा जीव धोक्यात घालून पुढे जायचा. म्हणजे यामाटो ही जपानची अजस्र बॅटलशिप घेऊन बसलेला जुना खेळाडू कालच आलेल्या छोट्या फ्रिगेटवाल्यावर अवलंबून. या एका नियमामुळे तिथे लोक एकमेकांशी बोलायचे, नवीन पोरांना सांभाळून घ्यायचे, "तू फक्त दिसत राहा, बाकी आम्ही बघतो" असं सांगायचे. मी ज्या माणसांना आजही फोन करतो त्यातले काही असेच कुणासाठी तरी पुढे जाऊन बुडलेले आहेत.

तुमच्या गेमचंही असंच लिहून काढा. नेम कसा धरायचा, थांबायला किती लागायचं, काय दिसायचं काय नाही, कोण कुणावर अवलंबून. जमलं तर जुन्या लोकांना कॉलवर घेऊन एखादा जुना व्हिडिओ लावा आणि थांबवत थांबवत विचारा की इथे तू काय बघत होतास, लोकांना एकट्याने आठवत नाही ते चौघांत भराभर आठवतं. त्यांची खरी नावं आणि जुन्या चॅट मात्र न विचारता कुठे टाकू नका.

आता फरशी

हा प्रकार काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. १८९८ च्या सुमारास फ्रेड जेन याने जहाजांचा खेळ काढला होता, आणि ज्यांना आपण आज जेन्सची युद्धनौकांच्या माहितीची पुस्तकं म्हणून ओळखतो त्यातलं पहिलं त्या खेळाच्या जोडीला म्हणून आलं. पुढे अमेरिकेत फ्लेचर प्रॅटने फरशीवर लाकडी जहाजं मांडून खेळायचे नियम केले, त्यात खेळाडूने नुसत्या डोळ्यांनी अंतराचा अंदाज करायचा आणि मग पट्टीने मोजायचं. नेव्हीफिल्डवाल्यांनो, हा आपलाच खेळ आहे. आणि न दिसण्याची गोष्ट १९४२ पासून लिव्हरपूलमध्ये ब्रिटिश नौदलाच्या एका तुकडीने फरशीवर करून दाखवली, कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि त्यांच्या हाताखालच्या तरुण मुली जमिनीवर अटलांटिक मांडायच्या, मालवाहू जहाजांच्या काफिल्याच्या संरक्षणाला जाणारे अधिकारी पडद्यामागे उभे राहून भोकातून तेवढंच बघायचे जेवढं खऱ्या जहाजावरून दिसलं असतं, आणि पाणबुडीची रेघ हिरव्या खडूने काढलेली असायची जी तिथून दिसायची नाही. त्या खेळातून निघालेले डावपेच खऱ्या समुद्रात वापरले गेले.

तर मांडणी अशी. सरळ साधं माप धरा, १ सेंमी म्हणजे १०० यार्ड, आणि एक पाळी म्हणजे ३ मिनिटं. यार्ड मुद्दाम घेतलेत, कारण एक नॉट, म्हणजे तासाला एक सागरी मैल, वेगाचं जहाज ३ मिनिटांत जवळजवळ १०० यार्ड जातं, दर्यावर्दी लोकांचा हा जुना हिशोब आहे. म्हणजे ३० नॉटचा क्रूझर, म्हणजे मधल्या आकाराचं जहाज, एका पाळीत ३० सेंमी, २४ नॉटची बॅटलशिप २४ सेंमी, डोकं चालवायचं कामच नाही. यामाटो २६३ मीटर लांब होती, ती या मापात ३ सेंमीहून किंचित कमी भरते, म्हणून पुठ्ठ्याची ३ सेंमीची पट्टी कापा, क्रूझरला २, डिस्ट्रॉयरला १, आणि पुढच्या टोकाला बाण काढा. तोफांची रेंज बॅटलशिपला २६० सेंमी, क्रूझरला २००, डिस्ट्रॉयरला १२०. जागा निदान ४ मीटर बाय ३ मीटर तरी हवी, नाहीतर सगळेच पहिल्या पाळीला रेंजमध्ये येतात आणि मजा जाते. गच्ची किंवा हॉल मिळाला तर उत्तम.

एक माणूस पंच पाहिजेच. हे काम सगळ्यात समजूतदार माणसाला द्या, सर्व्हर म्हणजे आता तोच.

पाळी अशी चालते. आधी सगळ्यांनी चिठ्ठीवर लिहायचं, माझं जहाज किती सेंमी पुढे आणि किती वळून जाणार, आणि माझा नेम कुणावर, अंतर किती. टेप कुणीही लावायचा नाही, नुसता डोळा. चिठ्ठ्या गोळा झाल्या की सगळी जहाजं एकदम हलवायची, बॅटलशिप एका पाळीत ४५ अंशांपर्यंत वळते, बाकीची ९० पर्यंत, आणि मगच पंचाने टेप लावून मोजायचं. सगळी गंमत या क्रमात आहे, हा क्रम बदलू नका. समजा समोरचा क्रूझर तुम्हाला आत्ता २१० वर वाटतोय, तो ३० ने सरळ तुमच्याकडे येतोय आणि तुम्ही २४ ने त्याच्याकडे, तर मोजताना अंतर असेल १५६ च्या आसपास, म्हणून २१० नाही, १५६ लिहायचं. आणि तो वळला तर? तेच ओळखायचं, पूर्वीसारखं.

अंदाज आणि टेप यात ५ सेंमीपर्यंत फरक असेल तर स्ट्रॅडल, जेवढ्या तोफा तेवढे फासे टाका, बॅटलशिपला ९, क्रूझरला ८, डिस्ट्रॉयरला ४, ज्या ज्या फाशावर ६ पडेल तो गोळा लागला. फरक जास्त असेल तर पंचाने एवढंच म्हणायचं, पुढे किंवा मागे. किती पुढे ते सांगायचं नाही. दोनतीन डावांनी लोकांचा डोळा बसतो, मग ५ चे ३ करा.

जहाजाचा जीव बॅटलशिपला १२, क्रूझरला ६, डिस्ट्रॉयरला २. बॅटलशिपचा गोळा २ खातो, बाकीच्यांचा १, आणि डिस्ट्रॉयरच्या तोफेने बॅटलशिपला काहीच होत नाही, तिच्यासाठी टॉर्पेडो आहे. टॉर्पेडो सोडताना फक्त दिशा लिहून पंचाला द्यायची, तो आपल्या वहीत रेघ मारतो आणि दर पाळीला ४८ सेंमी पुढे नेतो, रेघ एखाद्या जहाजाला लागली तर ४ गेले, मग ते जहाज कुणाचंही असो. आपल्याच माणसाला लागू शकतो ही भीती ठेवाच, ती आमच्या गेममध्येही होती आणि तिच्यामुळे लोक सोडण्याआधी ओरडून सांगायचे. जपानी टाईप ९३ टॉर्पेडो खरोखरच साधारण ४८ नॉटने २० किलोमीटरहून जास्त जायचा, त्यामुळे आकडा उगाच घेतलेला नाही.

खलाशी विसरू नका, त्याशिवाय ते आपलं जहाज वाटत नाही. प्रत्येकाला ५ गुण द्या आणि ते तोफची, दुरुस्ती, इंजिन आणि स्काऊट यांत हवे तसे वाटू द्या. तोफचीचा एक गुण म्हणजे अंदाजाला १ सेंमी जास्त सूट. दुरुस्तीचा एक गुण म्हणजे डावात एकदा १ जीव परत. इंजिनाचा एक गुण म्हणजे एक पाळी ओव्हरहीट, वेगात ६ सेंमीची भर. स्काऊटचा एक गुण म्हणजे २० सेंमी लांबचं दिसणं. आम्ही खलाशांना नावंही ठेवतो आणि जो डावात वाचला त्याचा एक गुण पुढच्या डावाला वाढतो, जुन्या लोकांना हे फार आवडतं.

आता दिसणं. मधे चादर लावा, दोन बाजू चादरीच्या दोन अंगांना, आणि जहाजं फरशीवर न मांडता आधी फक्त पंचाच्या वहीत. कुठल्याही जहाजापासून १०० सेंमीच्या आत शत्रू आला की पंच ते जहाज फरशीवर ठेवतो आणि चादर तेवढी बाजूला करतो. एकाला दिसलं की त्या बाजूच्या सगळ्यांना दिसलं. म्हणजे २६० ची तोफ असून बॅटलशिप आंधळी, आणि डिस्ट्रॉयर पुढे गेल्याशिवाय काही सुरू होत नाही. बरोबर तेच. चादर वर-खाली करायचा कंटाळा येत असेल तर पंचाने दर पाळीला प्रत्येक बाजूला चिठ्ठी द्यावी, अमुक दिशेला काहीतरी दिसतंय, एवढीच. खरं तर मला चिठ्ठीच जास्त आवडते, वाचताना पोटात गोळा येतो.

लोक वेगवेगळ्या शहरांत असतील तर फरशीच्या जागी पंचाकडे आलेखाचा कागद, त्याचा फोटो प्रत्येक बाजूच्या ग्रुपवर वेगळा, दिसतंय तेवढंच दाखवून. पण मग डोळ्याने अंतर ओळखायची मजा टिकवायला फोटो सरळ वरून काढू नका, टेबलाच्या उंचीवरून तिरका काढा आणि कागदावरच्या चौकोनांच्या रेघा झाका, कोऱ्या कागदावर जहाजं ठेवली तर आणखी बरं. एका पाळीला दहा मिनिटांची मुदत ठेवा, चिठ्ठी नाही आली तर जहाज सरळ चालत राहतं.

बाजू वाटताना जुनी दोस्ती बाजूला ठेवून प्रत्येक बाजूला निदान एक नवा माणूस घ्या आणि पहिल्या डावात त्यालाच डिस्ट्रॉयर द्या. त्याला अंदाज येत नसला तरी चालतं, त्याचं काम दिसण्याचं आहे, आणि बाकीचे आपोआप त्याच्याशी बोलायला लागतात. पंच सोडून सहा जणांत छान डाव होतो, प्रत्येक बाजूला एक बॅटलशिप, एक क्रूझर, एक डिस्ट्रॉयर. कॅरियर, म्हणजे विमानवाहू जहाज, सुरुवातीला घेऊ नका, विमानांचा हिशोब पंचाला झेपत नाही आणि डाव रेंगाळतो.

आजचे गेम? वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स २०१५ पासून चालू आहे, दिसायला फारच सुंदर, पुढे नेम धरून मारायची सवय तिथे नक्की कामाला येते, हात सुटू नये म्हणून मीही खेळतो. पण तिथे प्रत्येकाला आपलं आपलं बरंच दिसतं आणि गोळे लवकर पोचतात, त्यामुळे आमच्यासारख्यांना वाट बघणं कमी पडतं.

पहिला डाव ठरवताना टेप, फासे, पुठ्ठा, चिठ्ठ्या आणि जुन्या स्क्रीनशॉटच्या दोनचार प्रिंट एवढं आणा, जहाजांची नावं त्या स्क्रीनशॉटमधूनच उचला. पंचाने आदल्या दिवशीच दोन्ही बाजूंच्या सुरुवातीच्या जागा वहीत लिहून ठेवाव्यात, म्हणजे लोक आले की लगेच पहिली चिठ्ठी.